गाडीचा दम आणि दाखल क्रमांक ४८१७

बुधवारी सकाळी नऊ वाजता फिरत्या वाचनालयाच्या गाडीत दोन हजार एकसष्ट पुस्तके, चौदा फळ्या, एक शिडी, एक अग्निशामक नळकांडे, एक हत्यारांची पेटी, एक जादा चाक, दोन स्टुले आणि एक मामा होते. मामा सोडून बाकी प्रत्येक गोष्टीवर दाखल क्रमांक होता, शिक्का होता आणि खाकी कागदाचे कव्हर होते. अग्निशामकालासुद्धा कव्हर होते. जादा चाकाच्या कव्हरावर वळणदार अक्षरांत 'चाक, जादा' असे लिहिलेले होते, न जाणो कोणी कादंबरी समजून घरी न्यायचा.

हे सगळे भाचीने वहीत टिपून घेतले. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे, म्हणून घरात तिला मोजपट्टी म्हणत. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तिला अकरा महिने झाले होते. "नोकरी लागेपर्यंत मामाबरोबर जात जा," असे आईने सांगितले होते, "तेवढंच मामावर कोणाचं तरी लक्ष राहील."

मामा दोनपैकी बऱ्या स्टुलावर बसले होते. समोर ग्रंथपालबाई उभ्या होत्या.

"मी कोण आहे ते थोडक्यात सांगतो," मामा म्हणाले. भाचीने घड्याळ पाहून ठेवले.

"माणसांचे गुन्हे कोणीही शोधतो हो, बाई. माणसाला घाम फुटतो, जीभ अडखळते, सापडतो बिचारा. यंत्राला घाम फुटत नाही. यंत्रांचे गुन्हे शोधणारा गुप्तहेर या भूतलावर एकच आहे आणि तो सध्या तुमच्या स्टुलावर बसलाय. वासावरून मी तेलाचं वय सांगतो. आवाजावरून बेअरिंगचा स्वभाव सांगतो. तुमच्याच वाचनालयातलं रहस्यकथांचं कपाट मी तीनदा संपवलंय आणि प्रत्येक वेळी खुनी शेवटच्या पानाआधी ओळखलाय."

"तिसऱ्यांदा वाचताना ना?" बाईंनी विचारले.

"तिन्ही वेळा. आमच्या शेजारणीच्या मिक्सरचं प्रकरण तुमच्या कानावर आलं असेलच. ते मीच सोडवलं."

"मिक्सर जळला, मामा," भाची म्हणाली.

"म्हणजे गुन्हेगाराला शिक्षा झाली. पुढे?"

थोडक्यात ओळख सहा मिनिटे चाळीस सेकंदांत आटोपली. मग बाईंनी त्यांची अडचण सांगितली, तिला दीड मिनिट पुरले.

ही गाडी दर गुरुवारी घाट चढून वरच्या वस्तीत जाई. वस्तीत एक शाळा होती आणि वाचनालयाचे बासष्ट सभासद होते. हा थांबा बाईंनी स्वतः, अर्जामागून अर्ज करून, चार वर्षांपूर्वी मिळवला होता. शाळेत वाचनाचा तास दहा पंचविसाला सुरू होई, म्हणून गाडी दहाला निघून पंचवीस मिनिटांत पोचायची. वीस दिवसांपूर्वीपर्यंत पोचतही होती. मग एका गुरुवारी तिला चव्वेचाळीस मिनिटे लागली. पोरे तोवर गणिताला बसली होती. नंतरच्या दोन्ही गुरुवारी ती सातव्या वळणावर काळा धूर ओकत थांबली आणि तशीच मागे फिरली.

"घाटाला वळणं किती?" मामांनी विचारले.

"नऊ."

"म्हणजे गाडीच्या नाकी नऊ यायला दोन कमी पडली." मामांनी ही गोष्ट महत्त्वाची असल्यासारखी भाचीला लिहून घ्यायला लावली.

"थट्टा नको हो," बाई म्हणाल्या. "उद्या मुख्य कार्यालयाचे साहेब स्वतः घड्याळ घेऊन गाडीत बसणार आहेत. पंचवीस मिनिटांत वर पोचलो नाही तर वरचा थांबा कायमचा बंद. कार्यालयाच्या वर्कशॉपवाल्यानं गाडी लांबूनच ऐकली आणि म्हणाला, टर्बो गेला, नवा यायला महिना लागेल. साहेब महिना थांबणार नाहीत. आणि ते आजोबा तर त्याहून थांबणार नाहीत."

"कोण आजोबा?"

बाईंनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. वरच्या वस्तीतल्या एका आजोबांनी ती दूधवाल्याबरोबर खाली पाठवली होती. ते तीन भागांची एक खुनाची कादंबरी वाचत होते आणि तिसरा भाग तीन आठवडे गाडीतच अडकला होता. चिठ्ठीत लिहिले होते: 'तिसरा भाग पाठवा. मी ब्याऐंशीचा आहे. घाई करा.'

मामांचा चेहरा गंभीर झाला. रहस्यकथेचा शेवट न कळता राहिलेला माणूस ही त्यांच्या लेखी आणीबाणी होती.

*

भाचीने आधी बाईंना कागदावर चित्र काढून दाखवले. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो. त्याच दांडीवर दुसरे चाक असते, ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते, म्हणून जोर जास्त. या सगळ्या सरंजामाला टर्बो म्हणतात आणि त्या जादा दाबाला बूस्ट.

"म्हणजे गाडी स्वतःच्याच उच्छ्वासावर पळते," मामा म्हणाले. "मला हे पहिल्यापासून संशयास्पद वाटतं."

टर्बो आणि इंजिनाच्या मधल्या नळीला भाचीने एक दाबमापक जोडला. मग चौघे घाटाच्या पायथ्याशी गेले. चौथे म्हणजे बाइंडरकाका. ते सत्तावीस वर्षे वाचनालयात पुस्तके बांधत होते. आठ महिन्यांपूर्वी बांधणी विभाग बंद झाला आणि त्यांच्याकडे गाडी चालवायचा परवाना आहे हे कोणाच्या तरी लक्षात आले, तेव्हापासून ते गाडी चालवत. ती ते अशी हळुवार चालवत, जणू रस्त्यावरचा डिंक अजून वाळायचाय.

"काका, आता चढावर पूर्ण दाबा," भाची म्हणाली.

"पूर्ण?"

"पूर्ण."

काकांनी डोळे मिटून पेडल दाबले. मग भाची ओरडली म्हणून डोळे उघडले, पेडल मात्र दाबलेलेच ठेवले. गाडीने मोठी शीळ घातली, मागे काळा ढग सोडला आणि बैलगाडीलाही संकोच वाटावा अशा वेगाने दोन वळणे चढली. मापकाचा काटा ०.४ बारवर जाऊन बसला. गाडीच्या माहितीपुस्तकात (दाखल क्रमांक ३२०६, कव्हर खाकी) १.१ लिहिले होते.

भाचीने संशयितांची यादी केली. हवेच्या वाटेने ओळीने जायचे, आतली प्रत्येक गोष्ट तपासायची, असा तिचा बेत होता. पहिले नाव होते एअर फिल्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारी चौकोनी जाळी.

"ते नवीन आहे," बाई म्हणाल्या. "बावीस दिवसांपूर्वीच कार्यालयाकडून आलं. नोंदवहीत आहे."

"नवीन, म्हणजे निर्दोष," मामा म्हणाले. "तान्ह्या बाळावर कोणी संशय घेतं का?"

भाचीने 'फिल्टर: नवीन' असे लिहून पुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या नावाकडे वळली.

मामांचा पहिला सिद्धान्त होता गळती. कुठल्यातरी नळीच्या सांध्यातून कोंबलेली हवा बाहेर पळते आहे. भाचीला तो पटला, आणि मामांचा सिद्धान्त आपल्याला पटला म्हणून ती थोडी घाबरली. त्यांनी सायकलच्या पंपाने नळ्यांत हवा भरली आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी शिंपडले. अकरा सांधे. अर्धा तास मामा एकेका सांध्यासमोर उकिडवे बसून टक लावून बघत होते. एकही बुडबुडा आला नाही.

"गळती नाही," भाची म्हणाली.

"एकही बुडबुडा नाही?" मामा उठताना गुडघ्यांना हात लावत म्हणाले. "अकरा सांधे आणि एकालाही फेस नाही? हे ठरवून केलेलं वाटतं. निष्पाप माणूस पोलिसांसमोर थोडा तरी बावचळतो."

दुसरा सिद्धान्त पुस्तकांवर होता. मामा फळ्यांसमोर मागे हात बांधून फिरले. "काका, गेल्या महिन्यात जड वाङ्मय काही नवीन आलं का?"

"समीक्षेचे चार खंड आले."

"तरीच! अहो, एक खंड हातात घेतला तर माणूस बसतो. चार घेऊन गाडी कशी चढणार?"

"मामा, वजनानं गाडी हळू चालेल," भाची म्हणाली. "बूस्ट कमी होणार नाही. उलट भार वाढला की इंजिन जास्त धूर सोडतं, टर्बो जास्त फिरतो."

"तू विज्ञान शिकलीस, तू समीक्षा वाचली नाहीस."

अखेर मामांच्या समाधानासाठी समीक्षेचे चार खंड, विश्वकोशाची एक फळी आणि 'अजून एक खबरदारी म्हणून' विरहकवितांचे नऊ संग्रह वाचनालयाच्या पायरीवर उतरवले गेले. गाडी पुन्हा चढावर नेली. काटा ०.४ वर. परत आल्यावर सगळी पुस्तके पायरीवरून गाडीत चढवली, तर विरहकवितांचा एक संग्रह कमी होता. तो समोरचा शिंपी बसल्या जागी वाचत होता आणि त्याचे डोळे पाणावले होते.

तिसरा सिद्धान्त सगळ्यांत भारी होता. टर्बोच्या कडेला एक छोटा दट्ट्या असतो. दाब फार वाढला की तो एक झडप उघडून धुराला बाहेरची वाट दाखवतो. "हा घरभेदी आहे," मामा म्हणाले. "वेळेआधी दार उघडतो." भाचीने हातपंपाने दट्ट्याला हवा दिली. तो हवा तेव्हा, हवा तितका, नेमका आठ मिलिमीटर सरकला आणि परत आला.

"किती सरळ माणूस आहे," मामा निराश होऊन म्हणाले.

मग यंत्रे संपली म्हणून ते माणसांकडे वळले. बाइंडरकाकांना त्यांनी मोडक्या स्टुलावर बसवले.

"बिघाड पहिल्यांदा दिसला गुरुवारी. त्याआधीच्या मंगळवारी दुपारी तुम्ही काय करत होतात?"

काकांनी आठवून पाहिले. "डिंक लावत होतो."

"कशाला?"

"आलेल्या मालाला."

"म्हणजे नेहमीचंच?"

"नेहमीचंच."

"गाडीबद्दल मनात काही राग? बांधणी विभाग गेला, हातात स्टिअरिंग आलं..."

"छे हो," काका म्हणाले आणि त्यांनी बाजूच्या फळीवरचे एक वाकडे पुस्तक सरळ केले. "गाडीसुद्धा बांधणीच असते. पुठ्ठा पत्र्याचा, एवढंच. मी तर तिची आपल्या पुस्तकासारखीच काळजी घेतो."

मामांनी वहीत लिहवून घेतले: 'जबाब: डिंक. संशय: शून्य.'

*

चार वाजता मामांनी निकाल जाहीर केला. जे सगळे निर्दोष ठरले ते सोडून जो उरतो तो गुन्हेगार, या न्यायाने गुन्हेगार टर्बोच. त्यांनी टर्बोला एक चिठ्ठी बांधली, तीवर 'अटक' असे लिहिले आणि स्टुलावर बसून चहा मागवला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी नको," भाची म्हणाली. "टर्बोची दांडी मी हलवून पाहिली. जराही ढिली नाही, पाती अखंड आहेत. आणि तो शीळ तर नेहमीपेक्षा जोरात घालतोय. मेलेला माणूस शीळ घालतो का?"

"मग कोण? तू सांग."

भाचीने यादी पाहिली. प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण होती. तिने ती पुन्हा वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली. उद्या दहाला साहेब येणार होते.

ग्रंथपालबाई आत गेल्या आणि मोठी दाखल-नोंदवही घेऊन आल्या.

"हे काय, बाई?" काकांनी विचारले.

"थांबा बंद झाला तर परवा गाडी कार्यालयाला परत करावी लागेल. सगळ्या वस्तूंची पडताळणी आजच करून ठेवते. उद्या माझ्याच्यानं होणार नाही." त्यांचा आवाज सरळ होता, पण चष्मा त्यांनी दोनदा पुसला. "वाचा, काका."

काका वाचत गेले, बाई स्वतः जाऊन बघत गेल्या. शिडी. शिक्का आहे, बरोबर. अग्निशामक. बरोबर. चाक, जादा. त्यांनी वाकून कव्हराची घडी उलगडली, आतला शिक्का पाहिला, बरोबर.

"चार हजार आठशे सतरा," काका म्हणाले. "गाळणी, हवेची. पानं एकशे सहा. चित्रं नाहीत. बांधणी नवीन."

"कुठंय?"

"आत आहे, इंजिनाशी. बसवलंय."

"दाखवा."

"बाई, नवीन आहे हो ते," मामा चहाच्या कपातून म्हणाले. "त्याची चौकशी झालेली आहे."

"कोणी पाहिलं?"

मामांनी भाचीकडे पाहिले. भाचीने वहीकडे पाहिले.

"सत्तावीस वर्षांत मी न पाहिलेल्या वस्तूपुढे खूण केलेली नाही," बाई म्हणाल्या. "आज शेवटच्या दिवशी कशाला सुरुवात करू? उघडा, काका."

काकांनी बॉनेट उचलले, काळ्या डब्याच्या चार क्लिपा सोडल्या, झाकण बाजूला केले आणि दोन्ही हातांनी, बारशाला बाळ दाखवावे तसे, ते फिल्टर बाहेर काढले.

त्याला खाकी कव्हर होते.

काय सुरेख कव्हर होते! कोपरे काटकोनात दुमडलेले, कडा डिंकाने चिकटवलेल्या, कुठे सुरकुती नाही. मधोमध एक छोटी चौकट कापलेली होती आणि तिच्यातून फिल्टरचा छापील नंबर दिसत होता. वाचनालयाच्या सगळ्या पुस्तकांना अशी शीर्षकापुरती खिडकी असे. शिक्का उजव्या कोपऱ्यात, अगदी सरळ.

समोरच्या शिंप्याच्या मशीनचा आवाज तेवढा येत होता.

"काका," बाईंनी अखेर विचारले, "याला कव्हर?"

"नवीन वस्तू आली, बाई. कव्हराशिवाय कशी वापरायची? आणि उघडून पाहिलं तर आत पानंच पानं. मोजली, एकशे सहा. म्हटलं, घाटातली धूळ आहे, मळेल."

"काका, मळणं हेच त्याचं काम आहे," भाची म्हणाली.

काकांनी फिल्टरकडे नव्याने पाहिले. एखाद्या पुस्तकाचे काम मळणे असू शकते हा विचार त्यांना बहुधा पहिल्यांदाच शिवला.

भाचीने खिशातून पट्टी काढली. फिल्टर अठ्ठावीस सेंटिमीटर बाय वीस, म्हणजे पाचशे साठ चौरस सेंटिमीटर. शीर्षकाची खिडकी सहा बाय दोन, म्हणजे बारा. एवढी मोठी गाडी तीन आठवडे शंभरातल्या दोन हिश्श्यांतून श्वास घेत होती. सपाटीवर तेवढा पुरत होता. चढावर टर्बो जिवाच्या आकांताने फिरत होता, शीळ घालत होता, पण कोंबायला हवाच नव्हती. इंधन मात्र येतच होते, त्याचा काळा धूर होत होता. बिघाड वीस दिवसांचा, फिल्टर बावीस दिवसांचे. दोन्ही आकडे सकाळपासून तिच्याच वहीत, एकाच पानावर होते.

तिने यादी उघडली आणि पहिल्या नावापुढची खूण खोडली.

"मला पहिल्यापासून संशय होता," मामा म्हणाले.

"कोणाचा?" तिघांनी एकदम विचारले.

"तो मी मुद्दामच सांगितला नाही. गुन्हेगार सावध होतो." मामांनी उरलेला चहा संपवला आणि टर्बोची अटकेची चिठ्ठी सोडून खिशात घातली. "निर्दोष सुटका. पण त्यानं शहर सोडून जाऊ नये."

काकांनी कव्हर काढले, पण कापले नाही. एकेक घडी नखाने सोडवून त्यांनी ते अखंड उतरवले आणि जपून ठेवले. उघडे फिल्टर डब्यात बसवताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

*

गुरुवारी दहाला दोन मिनिटे कमी असताना साहेब आले. त्यांच्या हातात घड्याळ होते. ते पुढे काकांच्या शेजारी बसले. मागे फळ्यांमध्ये बाई, भाची आणि मामा. भाचीच्या मांडीवर दाबमापक होता.

"ही कोण मंडळी?" साहेबांनी विचारले.

"मी थोडक्यात सांगतो," मामा म्हणाले.

"मामा!" भाची म्हणाली.

"निघा," साहेब म्हणाले.

पहिल्या वळणावर काकांनी भाचीकडे आरशातून पाहिले. तिने मान हलवली. काकांनी पेडल पूर्ण दाबले, या वेळी डोळे उघडे ठेवून. गाडीने धाव घेतली. समीक्षेचे चार खंड फळीवर मागे सरकले आणि मामांच्या मांडीवर आले. तिसरे वळण, चौथे, पाचवे. मागे धूर नव्हता. सहाव्या वळणावर बाईंनी फळीची कड घट्ट धरली. सातवे आले आणि गेले, तेव्हा त्यांनी ती सोडली.

शाळेच्या फाटकात पोरांची रांग होती. रांगेत सर्वांत पुढे, पोरांना कोपराने मागे सारत, काठी टेकत आजोबा उभे होते.

"तिसरा भाग!" ते म्हणाले. नमस्कारबिमस्कार काही नाही.

बाईंनी तिसरा भाग त्यांच्या हातात ठेवला. आजोबांनी तो छातीशी धरला. तेवढ्यात मामा खाली उतरले, आजोबांच्या कानाशी वाकले आणि कोणालाही ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले, "डॉक्टरवर लक्ष ठेवा. खून त्यानंच केलाय."

आजोबांनी काठी उगारली. "तीन आठवडे! तीन आठवडे मी कोणाला बोलू दिलं नाही, आणि हा कोण उपटसुंभ..."

"आजोबा, आजोबा," बाई मध्ये पडल्या, "निवांत वाचा. यांनी सांगितलं म्हणजे तो डॉक्टर नक्की निर्दोष आहे."

आजोबांनी काठी खाली केली. मामांकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. मग शाळेच्या पायरीवर बसून त्यांनी पहिले पान उघडले.

साहेब घड्याळात पाहून कागदावर काहीतरी लिहीत होते. भाचीने मापकाचा वाटेतला सर्वांत वरचा आकडा लक्षात ठेवला होता. मग तिने फिल्टरचा डबा उघडला, आत वाकून पाहिले, झाकण लावले आणि वहीत नोंद केली:

वळणे ९. फिल्टर: स्वतः पाहिले, कव्हर नाही. सर्वाधिक बूस्ट १.१२ बार. वेळ २१ मिनिटे ४० सेकंद.